नेसरीतून पाहिलेला आशिया चषक

नेसरी, २२ सप्टेंबर २०१९, रविवार

पाऊस अजून पाठ सोडत नाही. ऑगस्टच्या पुरानं जिल्ह्याची दैना केली आणि आमच्या शाळेचं मैदान तर आता कुठं पाय ठेवण्याजोगं झालंय. सुट्टी असूनही मुली आल्या. बास्केटबॉलच्या कोर्टावर रेघा मारायच्या होत्या.

तीन गुणांची कमान नव्यानं आखली. रिंगच्या मध्याखाली जमिनीवर खिळा ठोकला, सुतळी बांधली, टेपनं ६.७५ मीटर मोजून गाठ मारली. एका मुलीनं सुतळी ताठ धरून गोल फिरायचं आणि दुसरीनं तिच्या मागून फक्की सोडत जायची. २०१० पर्यंत ही रेघ ६.२५ मीटरवर असायची. आमच्याकडं तीच चालत आली होती. अर्धा मीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण नव्या रेघेवर उभं राहून मुलींनी चेंडू टाकला आणि एकीचाही रिंगला लागेना. दहावीतली उंच मुलगी म्हणाली, "मॅडम, हे लई लांब हाय." लांब आहेच. पण जगातल्या बायका इथूनच टाकतात. मग आपण अलीकडून टाकून कुणाची फसवणूक करायची?

२४ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून बेंगळूरला महिलांचा आशिया चषक. श्री कंठीरव इनडोअर स्टेडियम. आठ देश आहेत: जपान, चीन, ऑस्ट्रेलिया, कोरिया, न्यूझीलंड, चिनी तैपेई, फिलिपिन्स आणि आपण. बेळगावातून रात्रीची गाडी धरली की सकाळी बेंगळूर. मुलींना घेऊन जायचं मनात होतं. पण चाचणी परीक्षा, त्यात विधानसभेची निवडणूक लागलेली, शिक्षकांना ड्युटीची पत्रं येणार. मोबाइलवरच बघायचं ठरलं.

याच स्टेडियममध्ये जुलै २०१७ मध्ये आपल्या मुलींनी ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं होतं. दोन गुणांचा फरक. तेवढ्यानं भारत वरच्या गटात आला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. तेव्हापासून माझ्या मुलींना पाठ असलेलं बास्केटबॉलमधलं नाव म्हणजे शिरीन. आपल्या भाषेत बोलणारी कुणीतरी तिथं आहे, एवढंही पोरींना पुरतं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

जपाननं आपल्याला १०३-२७ असं हरवलं.

आकडा लिहितानाही हात जड होतो. चाळीस मिनिटांत सत्तावीस गुण. मुलींनी स्कोअर आधीच कुठूनतरी मिळवला होता आणि सकाळी सरावाला कुणी बोलेना. मी म्हटलं, बसा. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि विचारलं, या दोहोंच्या मध्ये काय काय असेल? उत्तरं येत गेली. लाकडी कोर्ट, रोजचा सराव, खाणं, उंची. उंचीवर मी त्यांना थांबवलं. जपानच्या मुली काही ताडमाड नाहीत. आशियातल्या मोठ्या संघांत उंचीनं कमी असणाऱ्यांतच त्या मोडतात. त्यांचा सगळा डाव वेगावर आणि लांबून टाकलेल्या चेंडूवर आहे. टॉम होवासे हा अमेरिकी प्रशिक्षक त्यांना लाभलाय आणि त्याचा हट्ट एकच, पाचही जणींना तीन गुणांचा नेम हवा, मग ती सेंटर का असेना. रेघेबाहेर पाचजणी उभ्या राहिल्या की बचाव करणाऱ्यांना रिंगखाली थांबताच येत नाही. मधली वाट मोकळी होते.

मला या हरण्याची लाज वाटत नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. वरच्या गटात चढल्यावर या मुलींना दोन वर्षांत जपान-कोरियासारख्या संघांशी मनसोक्त सामने खेळायला मिळायला हवे होते. सराव शिबिरात एकमेकींशीच खेळून वेग वाढत नाही. चेंडू आठ सेकंदांत आपल्या अर्ध्यातून पुढं न्यायचा असतो. समोरून दोघीजणी अंगावर येत असताना तो कसा न्यायचा, हे समोर तशा दोघीजणी असल्याशिवाय कुणाला शिकता येईल?

२७ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी सराव संपवून प्रतापराव गुजरांच्या स्मारकावरून परतलो. आमची आठवीतली चेंडू खेळवणारी, अंगानं किरकोळ पण तोंडानं तिखट, म्हणाली, "मॅडम, तालुक्याला आपण बी असंच घुसायचं. मग काय व्हायचं ते होऊ दे."

२४ फेब्रुवारी १६७४. इथंच सेनापती प्रतापराव आणि सहा स्वार घुसले, समोर बहलोलखानाची फौज. या मातीत वाढलेल्या पोरीच्या तोंडी दुसरं काय येणार? त्या सातांपुढं माझीही मान झुकते. पण कोर्टावर तसं चालत नाही, हे मी तिला तिथंच उभं राहून सांगितलं. तू एकटी चौघींत घुसलीस की चेंडू गेला, आणि तुझ्या चौघी मागं राहिल्या. तू वळून बघायचंस, कोण मोकळी आहे ते. जिच्याकडं चेंडू द्यायचास ती तुझ्याएवढीच शूर आहे असं धरून चालायचंस. ती गप्प झाली. पटलंय असं चेहऱ्यावरून वाटेना. मग कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "म्हंजे बघून घुसायचं." हो, बघून.

२८ सप्टेंबर, शनिवार. सर्वपित्री

फिलिपिन्सशीही हरलो, ७८-९२. आठांत आठवे. पण हा सामना वेगळा होता. अठ्ठ्याहत्तर गुण आपल्या मुलींनी केले. याच स्पर्धेत सत्तावीस करणाऱ्या याच मुली. मुलींना फळ्यावर हाही आकडा दाखवायचा.

२९ सप्टेंबर, रविवार. घटस्थापना

सकाळी घट बसवले. घरात पाहुणे, नैवेद्य, आल्यागेल्याचं बघणं.

अंतिम सामना जपाननं जिंकला. चीन ६८, जपान ७१. सलग चौथं विजेतेपद. चीनच्या रिंगखालच्या मुली बघितल्या की मान वर करावी लागते, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम ठरली नाको मोतोहाशी, उंची जेमतेम पाच फूट पाच इंच. आमच्या उंच मुलीपेक्षा ही कमीच भरेल. मी लगेच तिच्या घरी फोन लावून तिला हे सांगितलं. पलीकडून आधी काहीच आवाज नाही, मग एकदम, "खरं मॅडम?"

३ ऑक्टोबर, गुरुवार

उंच मुलीची आई शाळेत आली. स्वभावानं चांगली बाई, काजूच्या कारखान्यात कामाला जाते. म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगताय ते समदं बरोबर. पण दहावी झाल्यावर ह्याचं पुढं काय? आणि ती अर्धी चड्डी घालून दुसऱ्या गावात खेळायचं म्हंजे लोक बोलत्यात."

चड्डीचं सोपं होतं. आतून लेगिंग घालून खेळता येतं. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेनं डोकं झाकून खेळायलाही परवानगी दिली आहे, हेही सांगितलं. पुढचा प्रश्न अवघड. मी रेल्वेचं सांगितलं. भारताच्या संघातल्या कितीतरी मुली रेल्वेत नोकरीला आहेत, शिरीनही. पण खेळाच्या कोट्यातली नोकरी किती मुलींपर्यंत पोचते, हे त्या माउलीला कळत नाही असं थोडंच आहे? तिला खोटी आशा दाखवायची नव्हती. एवढंच म्हटलं, दहावीपर्यंत थांबवू नका. ती विचार करते म्हणाली.

८ ऑगस्ट २०२१, रविवार

कोरोनामुळं मैदान ओस आहे. गवत घोट्याच्या वर. शाळेचं सगळं मोबाइलवर आणि मोबाइल घरात एकच, तोही बापाच्या खिशात.

आज टोकियोत ऑलिंपिकची अंतिम लढत. अमेरिका ९०, जपान ७५. जपानच्या बायकांना रौप्य. उपान्त्य फेरीत फ्रान्सविरुद्ध रुई माचिदानं अठरा वेळा सहकाऱ्यांकडून गुण करवून घेतले, ऑलिंपिकमधला हा विक्रम. तिची उंची १६२ सेंटिमीटर. तेव्हा आठवीत असलेली आमची चेंडू खेळवणारी आता दहावीत आहे. तिनं आपण होऊन मेसेज पाठवला: "मॅडम माचिदा बघितली. ती बघून घुसते."

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार

आजपासून शाळा पुन्हा भरली. मास्क, सॅनिटायझर, एका बाकावर एक. मधल्या सुट्टीत मुली माझ्याभोवती जमल्या आणि आधी अम्मानचं विचारलं.

जॉर्डनमधला आशिया चषक काल संपला. पुन्हा जपान, चीनवर ७८-७३. भारताची कर्णधार शिरीन लिमये. पुन्हा शेवटचा क्रमांक, पुन्हा फिलिपिन्सकडूनच हार, पण या वेळी ७०-७४. दोन वर्षांपूर्वी चौदा गुणांचं अंतर होतं, आता चार. मधल्या काळात दीड वर्ष खेळ बंद असताना हे अंतर कमी झालं, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. त्या चार गुणांमुळं आपण खाली, ब गटात गेलो. तिथून पुन्हा चढावं लागेल.

उंच मुलगी दहावीनंतर कॉलेजला गेली, लग्न ठरलेलं नाही. आईनं तिला थांबवलं नाही. संध्याकाळी ती मैदानावर आली, विळा घेऊन, आणि गवत कापायला लागली. पाचवीच्या चार पोरी तिच्या मागं. त्यांना चेंडू धरायला मीच शिकवतो म्हणाली, आमच्याकडच्या मुली बोलतात तसंच. सहा नंबरचा चेंडू अजून त्यांच्या हातात मावत नाही. पाच नंबरचे दोन मागवायला हवेत. मुख्याध्यापकांकडं उद्या अर्ज देते.