वऱ्हाडच्या पांदणी, सायकलवरून

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबराचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. त्याची नोंद गिनीज बुकात झाली. रस्ता खरोखरच उत्तम आहे. अकोल्याला दवाखान्यात जायचे असो की अमरावतीला लग्नाला, आता पाठ दुखत नाही. मात्र त्या रस्त्यावर बारा वर्षांच्या मुलीच्या हाती सायकल देऊन बघा. ट्रक बाजूने गेला की त्याच्या वाऱ्यानेच हँडल डुलते. गावागावांतले जोडरस्तेही आता तसेच झाले आहेत. आमच्या घरात तीन सायकली होत्या आणि तिन्ही दोन वर्षे जिन्याखाली उभ्या होत्या.

आम्ही अंजनगाव सुर्जीचे. घरात दोन भाऊ, भावजया, एक आपा, पाच मुले आणि अब्बा. डॉक्टरांनी अब्बांना साखरेसाठी रोज फिरायला सांगितले होते, आणि ते मात्र रस्त्यावरच्या मोटारींना भिऊन अंगणातच फेऱ्या मारत. शेवटी त्यांनीच म्हटले, "पांदणीने जा ना. तिथे कोण येतो?"

पांदण म्हणजे काय हे वऱ्हाडात सांगावे लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी एवढेच, की दोन शेतांच्या मधून, दोन्ही बाजूंना धुरे असलेली, बैलगाडीसाठी राखलेली सरकारी वाट. कुठे मुरूम पडलेला, कुठे नुसती काळी माती. गावाच्या नकाशात या वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. दिवसाकाठी चार बैलगाड्या, एखादा ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली. एवढीच तिथली वाहतूक.

दिवाळीनंतर, माती सुकली की आम्ही सुरुवात केली. फज्रची नमाज झाली की निघायचे आणि ऊन चढण्याआधी घरी यायचे. अंजनगावहून कापूसतळणीच्या दिशेने पांदणी एकमेकींना जोडत गेलो तर डांबर फक्त दोनदा ओलांडावे लागते. कापसाची बोंडे फुटलेली, तुरीला पिवळी फुले, धुऱ्यावर बोरी. वेचणीच्या बायका आमच्याकडे बघून हसत. मधल्या एका तुकड्यावर पानपिंपरीचे मळे आहेत. ही वेल आमच्या अंजनगाव-अकोट पट्ट्याची खास. तिच्या सावलीच्या मांडवाजवळून सकाळी गेले की गारवा अंगाला लागतो. उत्तरेकडे मान वळवली की सातपुड्याची निळी रांग दिसते. त्याच रांगेत अचलपूरच्या इमादशाहीचे गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले आहेत. नरनाळ्याच्या महाकाळी दरवाजावर १४८७ च्या सुमाराचा फारसी शिलालेख आहे, तो फतहुल्ला इमादुल्मुल्कच्या काळातला. किल्ला अभयारण्यात असल्यामुळे तिथे सायकलचा विचारसुद्धा करू नये, ते वाघ-बिबट्यांचे राज्य. पायथ्याच्या पोपटखेडपर्यंतच्या मुरमाच्या वाटा मात्र सायकलसाठी फार चांगल्या. मुरूम घट्ट बसतो आणि चढ सौम्य आहे.

या भागातली दुसरी गंमत म्हणजे शकुंतला. अचलपूर-मूर्तिजापूर ही अडीच फुटी गाडी १९१३ साली सुरू झाली. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने ती वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायला बांधली होती, आणि तिचे वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच, १९२१ साली बनलेले. ते १९९४ पर्यंत धावले. सुमारे ७६ किलोमीटरला चार-चार तास लागत. पथ्रोट, अंजनगाव, कापूसतळणी, बनोसा, लाखपुरी ही तिची स्टेशने. दरवाजात बसून पाय खाली सोडून प्रवास केल्याचे अब्बा आजही सांगतात. आता गाडी बंद आहे, रुळांवर बाभळी वाढल्या आहेत. पण तिच्या कडेने बऱ्याच ठिकाणी पांदण जाते, आणि रेल्वेची वाट म्हणून तिला चढ-उतार जवळजवळ नाहीच. रेल्वेच्या जागेत आपण शिरू नये. कडेच्या पांदणीवरून मोडके स्टेशन बघत जाणेही पुष्कळ होते.

अशा बंद पडलेल्या रेल्वेचे काय करता येते, ते स्पेनने करून दाखवले आहे. १९९३ पासून तिथे जुन्या रेल्वेमार्गांवरचे रूळ काढून, खडी-मुरूम दाबून, फक्त पायी आणि सायकलने जायच्या वाटा करतात. भूमध्य समुद्रातल्या मयोर्का बेटावर मनाकोर ते आर्ता ही रेल्वे १९७७ साली बंद पडली. आज तिथे २९ किलोमीटरची अशी वाट आहे आणि जगभरचे सायकलवाले तिथे येतात. हे बेट ९०२ ते १२२९ मुसलमानांच्या ताब्यात होते. तिथल्या डोंगरातले पाण्याचे पाट आणि पायऱ्यापायऱ्यांची शेते यांत त्या काळाचा हात आहे. त्या त्रामुंताना डोंगराला २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा मानले. परदेशी लोक अशा वाटांसाठी लाखाच्या सायकली घेतात. त्यांच्या टायरची रुंदी चाळीस मिलिमीटरच्या आसपास. आणि आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलला टायर असते दीड इंची, म्हणजे अडतीस मिलिमीटर! तेव्हा नवे काही विकत आणायची गरज नाही. जिन्याखालची काढा.

फक्त काही गोष्टी सांभाळा. हवा रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे ढेकळांचे धक्के मनगटाला बसत नाहीत. बाभळीचा काटा पंक्चर करणारच, म्हणून पंप, सोल्यूशन आणि पॅच सोबत हवेच. आमच्या दोन्ही पोरी आता दहा मिनिटांत पंक्चर काढतात. बुरखा किंवा ओढणी चेनमध्ये अडकू नये म्हणून पूर्ण चेनकव्हरची सायकल घ्या. पाणी घरून न्या. पूर्णेच्या काठचा सगळा खारपाण पट्टा आहे. हातपंपाच्या पाण्याने वजू होईल, तहान भागणार नाही. पावसाळ्यात मात्र पांदणीचे नाव काढू नका. काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घेऊन यावे लागते. एप्रिल-मेचे ऊन तर सांगायलाच नको.

आपा पंचेचाळीस वर्षांची. लहानपणी भावांनी शिकवले नाही, मोठेपणी रस्त्यावर शिकायची लाज. ती कापूसतळणीच्या वाटेवर शिकली. पडली तेव्हा बघायला फक्त एक म्हैस होती. आता शुक्रवार सोडून रोज निघते. अब्बा मागून चालत येतात आणि त्यांची साखर पूर्वीपेक्षा बरीच आटोक्यात आहे.

या हिवाळ्यात तिच्या वाटेचा अर्धा किलोमीटर नाहीसा झाला. एका बाजूने धुरा फोडून तूर पेरली आणि तारेचे कुंपण घातले. गाडी जाईल एवढी वाट होती, तिथे आता माणूस आडवा होऊन जातो. पलीकडच्या शेतकऱ्यांचा कापूसही डोक्यावर वाहून आणावा लागतो, त्यामुळे प्रश्न एकट्या सायकलचा नाही. शेजारी म्हणून बोललो, चहा झाला, तार तशीच राहिली. मामलतदार न्यायालय कायदा १९०६ चा आहे. त्याच्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. शिवाय २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून पांदणी मुरमाच्या करता येतात, पण त्यासाठी आधी पांदण मोकळी असावी लागते. पलीकडच्या सात शेतकऱ्यांनी सह्या केल्या आहेत. आठवी सही आपाची आहे. तिचे तिथे शेत नाही म्हणून ती चालणार नाही असे कोणीतरी म्हटले. ती म्हणाली, खोडायची तर साहेबांनी खोडावी. गाव नकाशाची नक्कल काढायला अर्ज दिला आहे. तोवर आम्ही पथ्रोटच्या बाजूने जातो. तिकडून चार किलोमीटर जास्त पडतात, पण संत्र्यांच्या बागा लागतात.