बादशहाच्या हातातली कटिंग

चित्रप्रदर्शन म्हटले की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. एक, ते पाहून मिळणार काय? दुसरा फार जुना : तसवीर जायज आहे का? आम्ही भिवंडीतल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. दुसऱ्या प्रश्नाचा निवाडा करण्याइतका आमचा इल्म नाही, बी.एड.ला तो विषय नव्हता. पण चित्रकलेच्या तासाला तो आमच्यासमोर पहिल्या बाकावर येऊन बसतो.

आठवीत एक मुलगी आहे. तिने ओढलेली रेघ सहसा खोडावी लागत नाही. एलिमेंटरी परीक्षेच्या फॉर्मवर तिच्या अब्बांनी सही केली नाही. स्मरणचित्रात माणसे काढावी लागतात आणि त्यांच्या घरात जानदाराची तसवीर चालत नाही. भला माणूस. पॉवरलूमवर बारा-बारा तास उभा राहतो. दोनदा शाळेत आले, अदबीने बोलले, सही न करता गेले.

काळाघोड्याजवळच्या एका गॅलरीत मुलांना न्यायचे ठरले, तेव्हा पालकांपैकी सोबतीला तेच आले. मुलगी एकटी कशी पाठवायची, हा त्यांचा सवाल.

पहिल्या दालनात विनोदी पॉप आर्ट होती. १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये अँडी वॉरहॉलने सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली, बाजारातली वस्तू भिंतीवर चढली, वगैरे टिपणे आम्ही काढून नेली होती. ती खिशातच राहिली. समोर मुघल बादशहा, अगदी लघुचित्रातल्यासारखा एका बाजूने दिसणारा. पण हातात गुलाबाऐवजी कटिंगचा ग्लास! मुले खदखदून हसली. दोन-तीन सुशिक्षित चेहरे वळले. चित्रकाराने थट्टा करावी आणि आमच्या मुलांनी इकडेतिकडे बघून मगच हसावे, हा कुठला न्याय? रिक्षामागची चित्रे, सिनेमाची पोस्टरे हा त्यांच्या गल्लीतलाच माल. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवूनच पोट भरले होते.

दुसऱ्या दालनात अमूर्त चित्रे. ना डोळा, ना चेहरा. रंगात वाळू कालवलेली, पात्याने थरावर थर चढवलेले, मध्येच खरवडून खालचा रंग वर काढलेला. मुले पुढे सरकली. चाळीच्या पोपडे आलेल्या भिंतीशी एकाने तुलना केली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

अब्बा मात्र एका राखाडी चित्रापाशी थांबले. समोरून नव्हे, कडेला जाऊन, मान तिरकी करून, उजेडात पृष्ठभाग पाहू लागले. ताग्यातला दोष असाच शोधतात. बराच वेळ पाहून म्हणाले, "सर, इसमें जान तो नहीं है. लेकिन हाथ बहुत चला है."

त्यांच्या तोंडून एवढी दाद आम्ही कधी ऐकली नव्हती. सोबतचे शिक्षक लगेच कुजबुजले, "बघा, तोडगा मिळाला! पोरीला हेच काढू द्या." आम्हाला हे पटत नाही. रझांसारखा चित्रकार बिंदूपाशी पोचतो तो आपल्या वाटेने. कुणी चेहरा मना केला म्हणून नव्हे. अमूर्त चित्र म्हणजे परहेजाचे जेवण नाही. शिवाय मुलीला काय हवे आहे? तिच्या वहीत कांड्या भरणाऱ्या नानीचे हात आहेत, पानेच्या पाने. चेहऱ्याची जागा कोरी.

त्या दिवशी ती पहिल्या दालनातच रेंगाळली. वहीत बादशहाचा फक्त हात आणि ग्लास उतरवला. परतीच्या लोकलमध्ये अब्बांनी ती वही मागून घेतली. पाने उलटली. नानीच्या हातांवर थांबले. बोलले काहीच नाही. ठाणे आल्यावर उतरता उतरता फॉर्मची मुदत तेवढी विचारली.

फॉर्म आमच्या टेबलाच्या खणात आहे. सही व्हायची आहे. अजून अकरा दिवस आहेत.