कूलर, उदबत्ती आणि आजी

गेल्या आठवड्यात टीममधल्या एकाचा फोन आला. घरी केलेली कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह, आणि हा शनिवारी गावी निघालेला. "तिकडे खोलीचं दार लावून बसेन की!" म्हणाला. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतोय. विषय जुना झालाय खरा, पण माझ्या हातून झालेली चूक इतकी सोपी आहे की कुणाच्याही हातून होईल.

तर एप्रिल २०२१. नोकरी लागून जेमतेम दीड वर्ष झालेलं, हापिस म्हणजे चिखली तालुक्यातल्या आमच्या घरातली मागची खोली. एक दिवस ताप आला, वास गेला, रिपोर्ट पॉझिटिव्ह. घरात आई, मधुमेह असलेले बाबा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. २८ मार्च २०२० ला बुलडाण्यात एक रुग्ण दगावला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तेव्हापासून या रोगाची धास्ती जिल्ह्यात घरोघरी होतीच.

मी लगेच इंजिनियर झालो. एक्सेल शीट काढली! सकाळ-संध्याकाळ ताप आणि ऑक्सिजन. ९४ च्या खाली गेलं की डॉक्टरांना फोन. रोज सहा मिनिटं खोलीतच चालायचं आणि आकडा तीनपेक्षा जास्त घसरतो का पाहायचं. पॅरासिटामॉल, ताक, ओआरएस, झोप. स्टेरॉइड मनाने घ्यायचं नाही. ताट-वाटी वेगळी, दार कडेकोट बंद. बाहेर चाळिशीचं ऊन, म्हणून खिडकीतला कूलर चोवीस तास चालू. एकदम फुलप्रूफ!

तिसऱ्या दिवशी दुपारी दाराच्या अगदी जवळून आजीचा आवाज आला.

"आजी, इथं काऊन बसली?"

"बसली नाई रे बाप्पा, झोपली. तुह्या दाराच्या फटीतून लय गार वारं येते."

माझ्या पोटात गोळाच आला. देव्हाऱ्यातली एक उदबत्ती आईला दाराबाहेर ठेवायला सांगितली आणि दुसरी मी आतून फटीपाशी धरली. आतला धूर सरळ रेषेत बाहेर! कारण साधं होतं. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती हवा कुठूनतरी बाहेर जाणारच. मागची खिडकी मी उन्हामुळे बंद केलेली, म्हणजे वाट एकच, आजीच्या गोधडीवरून. ताट-वाटी घासत बसलो आणि खरा रोग हवेतून पसरतो हे विसरलो.

मग कूलर बंद. मागची खिडकी सताड उघडली आणि टेबलफॅन तिच्यात तोंड बाहेर करून लावला. पुन्हा उदबत्ती. आता बाहेरचा धूर फटीतून आत यायला लागला. म्हणजे घराची हवा माझ्याकडे, माझी परसात. दुपारी अंगावर ओला पंचा, रात्री गच्चीवर एकटा. आई जेवण दारात ठेवून मागे सरकायची, मग मी दार उघडायचो. दोघांच्याही तोंडाला मास्क.

सहाव्या दिवशी आजीला ताप आला.

माझ्याकडूनच आला हे सिद्ध करता येणार नाही. पण बग कुणाचा होता हे मला माहीत आहे. साठीच्या पुढच्यांसाठी १ मार्चपासून लस सुरू झाली तेव्हा बाबांनी आग्रहाने तिचा पहिला डोस करून घेतला होता. तिचा ऑक्सिजन ९५ च्या खाली उतरला नाही, पण त्या आठ रात्री मी गच्चीवर डोळा मिटला नाही. तेव्हा नियम होता, लक्षणांपासून दहा दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नको. माझे दहा कधी संपले ते कळलंही नाही, तिचे मात्र मोजत होतो.

आज नियम सैल आहेत, बहुतेकांना लस मिळाली आहे. पण घरातल्या म्हाताऱ्यांची फुप्फुसं तीच आहेत. म्हणून त्या मित्राला म्हटलं, जमलं तर जाऊच नकोस. जावंच लागलं तर दार लावण्याआधी एक उदबत्ती लाव, धूर कुणीकडे जातो ते बघ.

त्याने तिकीट रद्द केलं.

असो. आमची आजी अजून उन्हाळ्यात त्याच दाराशी गोधडी टाकते. आत कुणी आजारी नसतं, कूलर चालू असतो. खुशाल झोपू दे! :)