वेळेची मोकळीक आणि मालकाचा लाभ

नोकरदारांच्या घरी आमचे जाणे झाले की एक तक्रार हमखास कानी येते. काम अवघड आहे, असे फारसे कोणी म्हणत नाही. कामावर वेळेत पोहोचणे अवघड आहे, असे मात्र सारेच म्हणतात. विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटरचे. वसईचा चाकरमानी गर्दीच्या वेळी दाराशी लोंबकळत जातो, धापा टाकीत हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवतो आणि त्या दिवसाची निम्मी शक्ती गाडीतच सांडून खुर्चीवर बसतो. त्याच्याविषयी कणव वाटणे साहजिक आहे. परंतु आम्हांला आज वेगळाच प्रश्न विचारावयाचा आहे: ह्यात त्याच्या मालकाचे किती नुकसान होते?

जर्मनीत १९६० च्या दशकात कामगारांची चणचण होती. संसार सांभाळणाऱ्या स्त्रियांना नोकरी करता यावी म्हणून कामाच्या वेळा सैल कराव्यात, असे क्रिस्टेल केमरर ह्या विदुषीने त्या काळी मांडले. १९६७ साली म्युनिकजवळील ओटोब्रुन येथे विमानउद्योगातील एका कंपनीने ही कल्पना अमलात आणली. एकाच वेळी फाटकावर उसळणारी गर्दी टाळणे, हा तिचा व्यावहारिक हेतू होता. रीत साधी होती. दिवसाचे मधले काही तास सर्वांनी हजर राहावयाचे. सकाळी केव्हा यावे व सायंकाळी केव्हा जावे, हे ठराविक मर्यादेत ज्याचे त्याने ठरवावयाचे. एकूण तास मात्र पुरे भरावयाचे. ह्यात कामचुकारपणाला वाव नव्हता आणि उपकाराचाही प्रश्न नव्हता. तो दोहो बाजूंच्या सोयीचा व्यवहार होता.

ह्या व्यवहाराचा हिशेब चीनमध्ये दोनदा काटेकोरपणे तपासला गेला आहे. शांघाय येथील एका प्रवास कंपनीने २०१० मध्ये दूरध्वनीवर ग्राहकांशी बोलणाऱ्या सुमारे अडीचशे इच्छुक कर्मचाऱ्यांची, जन्मतारीख सम की विषम ह्यावरून, दोन गटांत विभागणी केली. एक गट नऊ महिने आठवड्यातील चार दिवस घरून काम करू लागला. त्याचे काम तेरा टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. पुढे २०२१-२२ मध्ये त्याच कंपनीने १,६१२ पदवीधर कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला; ह्या वेळी घरून काम केवळ दोन दिवस होते. कामाच्या दर्जात किंवा बढत्यांत काहीही फरक पडला नाही, राजीनामे मात्र सुमारे एक तृतीयांशाने घटले. ही घट विशेषेकरून दिसली ती स्त्रियांमध्ये आणि दुरून येणाऱ्यांमध्ये. प्रयोगापूर्वी साशंक असलेल्या अधिकाऱ्यांचे मतही त्यानंतर बदलले.

आम्हांला ह्यातील राजीनाम्यांचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी एका खाजगी कंपनीत बारा वर्षे हिशेबाचे काम पाहत होत्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांनी तासभर आधी येऊन तासभर आधी निघण्याची परवानगी मागितली. ‘एकाला दिली की सर्वांना द्यावी लागेल’, असे उत्तर मिळाले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी नवा माणूस आला. कोणता व्यापारी पैसे केव्हा चुकते करतो, कोणती नोंद कोठे सापडते, हे त्याने कोणाला विचारावे? बारा वर्षांची जाण कोणत्याही वहीत लिहिलेली नसते. वाचवला एक तास आणि गमावली बारा वर्षे, असा तो सौदा झाला!

अर्थात मोकळीक हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. शांघायच्या पहिल्या प्रयोगानंतर पुन्हा निवड करावयास सांगितले, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे कचेरीत परतले. एकटेपणा त्यांना सोसवेना. २०२० च्या टाळेबंदीत एका खोलीच्या घरात मुलांची शाळा आणि वडिलांची कचेरी एकदम भरली, हेही आपण पाहिले आहे. ती मोकळीक नव्हती, सक्ती होती. शिवाय परिचारिकेला रुग्ण घरी नेता येत नाही आणि कारागिराला यंत्र. तेथेही पाळ्या आपसांत बदलण्याची मुभा देता येते आणि पुढच्या महिन्याच्या पाळ्या आधी कळवता येतात. माणसाला आपल्या दिवसावर थोडी सत्ता असावी, एवढेच त्याचे मागणे असते.

आपल्याकडेही पाऊल पडले आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे केली. त्यानंतरही, कामाचे स्वरूप तसे असल्यास, उभयतांच्या संमतीने घरून काम करण्याची तरतूद केली. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतील आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी वेगवेगळ्या वेळा ठरवल्या आणि इतर संस्थांनाही तसे आवाहन केले. तरीही ‘संमती’ हा शब्द कायद्यात असतो तसा मनातही असावा लागतो.

वाचकहो, आपल्यांतील काही जण बँकांत व कंपन्यांत अधिकारी आहेत. काहींचे वालीव, सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींत लहान कारखाने आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की मोठा निर्णय नको, सहा महिन्यांचा प्रयोग करून पाहा. मधले चार तास सर्वांचे ठेवा, बाकीचे ज्याचे त्याला ठरवू द्या. काम किती वाजता सुरू झाले ह्यापेक्षा ते पुरे झाले का, हे मोजा. प्रारंभी आणि अखेरीस रजा, राजीनामे आणि अपुरी राहिलेली कामे ह्यांची नोंद ठेवा. मग दयेसाठी नव्हे, त्या नोंदीकडे पाहून निर्णय घ्या. ज्याच्या घरची अडचण मालकाने ओळखली, तो मालकाची अडचण ओळखून वर्षअखेरीला रात्री उशिरापर्यंत थांबतो. ही जमा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. पण अडीअडचणीत धंदा तगतो तो तिच्यावरच.