उरलेला निळा

आमच्या बेसमेंटमधल्या त्या मोठ्या टीव्हीच्या पोटात पांढरा रंग मुळी नव्हताच. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन छोट्या पिक्चर ट्यूबा तळाशी शेजारी शेजारी बसवलेल्या, प्रत्येकीच्या तोंडावर जाडजूड भिंग, आणि तिघींचा उजेड मागच्या तिरक्या आरशावर पडून तिथून पुढच्या पडद्यावर यायचा. तिन्ही चित्रं एकमेकांवर नेमकी बसली तरच क्रिकेटच्या क्रीजची रेघ पांढरी दिसायची, नाहीतर तिच्या एका अंगाला तांबूस आणि दुसऱ्या अंगाला निळसर झालर लागायची. माझे वडील, नाना, न्यू जर्सीला आमच्याकडे येऊन राहायचे ते सगळे मुक्काम ती झालर काढण्यात गेले. आज त्या झालरीबद्दलच तुमच्याशी बोलत बसावंसं वाटतंय.

नानांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथेच जायची. गल्लीत पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे टांगलेले असायचे, कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत असायचं, घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस; आणि दुकानात पाऊल टाकलं की राळेचा वास. कथलाची तार सोल्डरिंगच्या तापल्या इस्त्रीच्या टोकाला टेकली की चर्र करून धुराची एक बारीक वेलांटी वर जायची, आणि तो गोडसर, घशात जरा टोचणारा वास नानांच्या सदऱ्याला, पंच्याला, रात्री माझ्या डोक्यावरून फिरणाऱ्या बोटांनाही असायचा. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टर आले, एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले, नाना प्रत्येकाच्या पोटात शिरून बघत राहिले.

अशा माणसाला सहा महिने रिकाम्या हातानं सोफ्यावर बसवणं म्हणजे शिक्षाच. म्हणून आम्ही जुना घेतलेला तो प्रोजेक्शन टीव्ही ऐन थंडीत बिघडला तेव्हा घरात एकट्या नानांचा चेहरा उजळला. दोरीवरचं धोतर वाऱ्यानं फुगावं तशा पडद्यावरच्या लाल-निळ्या रेघा फुगून बाहेर आल्या होत्या. माणसाला तीन तीन नाकं दिसत होती. ह्यांनी नवीन घेऊ या म्हटलं. नाना माकडटोपी कानावर ओढत जिना उतरले आणि म्हणाले, "बघू दे की आधी."

मिरजेहून त्यांनी बॅगेत स्वतःची सोल्डरिंगची इस्त्री आणली होती, पंचवीस वॅटची, लाकडी मुठीची. इथल्या १२० व्होल्टवर ती नुसती कोमट व्हायची, कथील वितळेचना. विजेचा दाब निम्म्यावर आला की ऊब पावावर येते, हे त्यांनी मला भाकरी भाजता भाजता समजावलं, आणि इथली तयार इस्त्री आणून देते म्हटलं तर नको म्हणाले. मूठ हाताच्या सवयीची होती. शेवटी ओक ट्री रोडवरच्या दुकानातून, लोक मिक्सरसाठी घेतात तो दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. तो सुरू होताच नाना मान तिरपी करून ऐकत राहिले. मग हसून म्हणाले, "अगं, हा कोमल गंधारावर घुमतोय!" आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, इथली ६० ची, दुकानातला ट्रान्सफॉर्मर ज्या सुरात घुमायचा तो षड्ज धरला तर पाचास सहा या नात्यानं इथला सूर बरोबर कोमल गंधार पडतो. आयुष्यभर जवारीच्या आवाजात काम केलेल्या कानाला ते गणित करावं लागलं नाही. मला मात्र तेव्हापासून ते बेसमेंट, तिथला ओलसर सिमेंटचा वास आणि बॉयलरची धडधड यांच्यासकट, त्या एका सुरात भिजलेलं आठवतं.

मागची फळी काढली की आतून तापलेल्या धुळीचा वास यायचा. प्लग काढून बराच वेळ झाल्याशिवाय ते आत हात घालायचे नाहीत, आणि घालायचे तेव्हा डावा हात स्वेटरच्या खिशात. त्या ट्यूबांना हजारो व्होल्ट लागतात, वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली तर वाटेत काळीज लागतं, म्हणून ही मेकॅनिकांची जुनी रीत. रेघा जागेवर आणणाऱ्या दोन जाड आयसी गरम होऊन होऊन गेल्या होत्या. त्यांच्यावर 'एसटीके' ही अक्षरं पाहून त्यांना मिरजेचं माणूस भेटल्याचा आनंद झाला, कारण याच घराण्यातल्या आयसी त्यांनी गणेशोत्सवातल्या ॲम्प्लिफायरमध्ये वर्षानुवर्षं बदलल्या होत्या. नवीन आयसी टपालानं आल्या. पण बदलून लगेच मोकळे होणारे नाना नव्हेत. शेजारचे अगदी बारीक, दोन-चार ओहमचे रेझिस्टर त्यांनी एकेक करून मीटरनं तपासले, त्यातले उडालेले निवडून बशीत ठेवले, आयसीच्या पाठीला पांढरी पेस्ट करंगळीनं इतकी पातळ लावली की खालचा धातू दिसावा, आणि पायांना डाख देताना श्वास धरून ठेवला. मी टॉर्च धरून उभी होते. त्या परदेशी तळघरात राळेचा वास भरला आणि मला शाळा सुटल्याचं वाटलं.

आरसा पुसायला मी कागदी रुमाल दिले तर त्यांनी हात मागे घेतला. या आरशाचा मुलामा काचेच्या मागे नसतो, पुढच्या अंगाला असतो. जोरानं पुसला तर चित्रावर कायमचे ओरखडे. आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचा तुकडा, डिस्टिल्ड वॉटर, आणि वरून खाली एकच हात. आई जिन्यात उभी राहून बघत होती, चहा निवत होता.

मग जुळवणी. टीव्ही अर्धा तास तापू द्यायचा, काळोख करायचा आणि पडद्यावर चौकटींची जाळी आणायची. हिरवा आधी, तो सरळ करून घेतला की पुन्हा त्याला हलवायचं नाही. मग लाल त्याच्यावर आणायचा आणि शेवटी निळा. रिमोटची बटणं दाबत मधल्या फुलीपासून कडेकडे जायचं, एका कोपऱ्यात ओढलं की शेजारचा सुटतो, पुन्हा मागे यायचं. नाना आकडे वहीत लिहून ठेवायचे. आईची दुधाच्या हिशेबाची जुनी वही, तिच्या मागच्या पानांवर: हि., ता., नि., आणि पुढे वर, खाली, डावा, उजवा. रात्री उशिरा एकेक चौक पांढरा होत गेला की खालून हाक यायची, "ये गं पोरी, बघून जा."

१ मार्च २००३ च्या पहाटे त्या टीव्हीसमोर आमची सगळी ओळखीची मराठी मंडळी बसली होती. सेंच्युरियनला विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना सुरू झाला तेव्हा आमच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते, बाहेर बर्फ, आत पोहे आणि आल्याचा चहा. शोएबला सचिननं पॉइंटवरून षटकार उचलला तेव्हा बेसमेंट दणाणलं. नाना तेवढे ओरडले नाहीत, ते चेंडूकडे बघत होते. मैदानातल्या काळ्या साइटस्क्रीनसमोरून जाणारा तो पांढरा चेंडू एकच होता, त्याच्यामागे तांबडी-निळी सावली नव्हती. सचिन ९८ वर बाद झाला तेव्हा सगळे हळहळले. ह्यांनी मागे वळून "नाना, चित्र काय सुंदर आहे हो!" म्हटलं, तेव्हा त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली, काही बोलले नाहीत.

पुढच्या खेपांना आल्या आल्या सामान न सोडता ते खाली जायचे, कारण तिन्ही रंग काळानुसार थोडे थोडे सरकतातच. शेवटच्या खेपेला हिरवा झाला, तांबडा झाला, निळाही जवळजवळ झाला. खालचा उजवा कोपरा तेवढा राहिला. न्यूअर्कला विमानतळावर निघायची वेळ झाली होती, आईनं पोळ्या बांधल्या होत्या, हे गाडी गरम करत होते. "राहू दे, पुढच्या खेपेला," म्हणून त्यांनी रिमोट टीव्हीवर ठेवला.

मिरजेत श्रावणात नाना गेले. मी पोचले तेव्हा घरात उदबत्तीचा वास होता, दुसरा वास शोधायला मी दुकानाचं कुलूप काढलं. इस्त्री थंड होती. वीज लावून थोडं कथील टेकवलं, धूर वर आला, आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिले.

परत आल्यावर त्या कोपऱ्यातला निळा तसाच होता. बातम्यांच्या पट्टीची शेवटची अक्षरं, सामन्याचा धावफलक, सगळ्याच्या टोकाला तेवढी एक निळी कड. ह्यांनी एकदा चांगला कारागीर बोलावला. त्यानं जाळी आणली, दहा मिनिटांचं काम आहे म्हणाला, आणि मी त्याला चहा देऊन परत पाठवलं. त्या कडेपाशी नानांचं बोट थांबलं होतं. मी सिनेमे तिच्यासकट पाहिले, मुलाच्या मुंजीची चित्रफीत तिच्यासकट पाहिली, पाहुण्यांनी विचारलं तरी काही सांगितलं नाही. ट्यूबेच्या आणि भिंगाच्या मधला गार ठेवणारा द्रव पुढे गढूळ झाला, हिरवा अंधारला. २०१२ च्या डिसेंबरात मित्सुबिशीनंही पडद्यामागून चित्र टाकणारे प्रोजेक्शन टीव्ही बंद केले. ती शेवटची कंपनी. आमच्याकडे टीव्ही कचऱ्यात टाकायला कायद्यानं बंदी, म्हणून माणसं आली आणि जिन्यातून तो शंभरेक किलोचा संसार तिरपा करत घेऊन गेली. तो आडवा करू नका, आत द्रव आहे, एवढंच मी सांगत होते.

वही आईकडे आहे. दुधाचे आकडे ती पुढून लिहीत गेली आणि मागची पानं आली तेव्हा थांबून तिनं नवी वही घेतली. तुम्ही कधी मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत जा. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात, पण समोर जवारी काढणारं कुणी वयस्कर माणूस भेटलं तर नानांचं विचारा. दुपारी गल्ली झोपली की ते दोघं तंबोरा आणि रेडिओ एका सुरात लावून बसायचे म्हणे. मी तेव्हा शाळेत असायची.