शुक्रवारच्या दशम्या

गावात आमच्या घराला अजूनही शनवाऱ्याचं घर म्हणतात. हे नाव माझ्या वडलांमुळं पडलं. आम्ही ख्रिस्ती. जालन्याकडं मिशनचं काम जुनं, नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं तेव्हापासूनचं. सगळ्या मंडळीचा विसाव्याचा दिवस रविवार. दादांनी मात्र स्वतः शास्त्र वाचून शनिवार धरला. म्हणायचे, "येशू जातीनं यहूदी. तो शनवार पाळायचा. मग मी कामून रविवार पाळू?" पाद्रीसाहेबांनी समजावून पाहिलं. दादा चौथी शिकलेले, पण एकदा वाचलेलं सोडत नसत.

यामागं शास्त्रापेक्षा सालदारकी जास्त होती, असं मला आता वाटतं. आजा जन्मभर सालानं राहिला. सालगड्याला सुट्टी अमावस्येची, तीही बैलांमुळं. त्या दिवशी औत जुंपत नाहीत म्हणून. तरी शेणघाण, वैरण, मालकाच्या घरची लाकडं फोडणं होतंच. दादाही दहाव्या वर्षापासून ढोरांमागं. शास्त्रात विसाव्याची आज्ञा दोनदा येते. दुसऱ्यांदा येते ती अनुवादाच्या ५ व्या अध्यायात, आणि तिथं कारण दिलंय की तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे ध्यानात ठेवा. दादा तिथं बोट ठेवून म्हणायचे, "हे तुझ्या आज्याचं हाय." पुढं चार एकर कोरडवाहू स्वतःचं झालं, तेव्हा पहिल्या शनिवारी ते नुसते ओसरीवर बसले. माय सांगायची, "दुपारपर्यंत दहादा उठले अन् बसले. रिकामं बसायची सवयच न्हाई माणसाला."

१९७८ साली मी दहावी पास झालो. मृगाचा पाऊस बुधवारी पडला आणि काळ्या रानाला वापसा आला नेमका शनिवारी. सगळ्या शिवारात तिफणी चाललेल्या. आमची तिफण दावणीजवळ उभी, बियाणं पोत्यात, आणि दादा पुस्तक घेऊन ओसरीवर. मी म्हणालो, "दादा, रातच्याला पाऊस आला तर?" त्यांनी निर्गमाचा ३४ वा अध्याय काढून माझ्यापुढं सरकवला. नांगरणीच्या आणि सुगीच्या दिवसांतसुद्धा विसावा घ्या, असं तिथं साफ लिहिलंय. ज्यानं ते लिहिलं त्याला शेतकऱ्याचं मन ठाऊक होतं, एवढं मानावं लागेल.

रात्री आभाळ फुटलं. आठ दिवस झड उघडली नाही. मुगाची पेर गेली. उभ्या मुगावर आडत्या उचल द्यायचा, आणि त्या पैशावर जालन्याच्या कॉलेजात माझं नाव घालायचं ठरलं होतं. पुन्हा वापसा आला तेव्हा तूर-बाजरी पेरली. तिफणीमागं मीच होतो, आणि पुढं तिथंच राहिलो. राग बरीच वर्षं होता.

पण मला सांगायचंय ते मायचं. शनिवारी बैल उभे, दादा बसलेले, आम्ही पोरं मोकळी. माय मात्र पहाटे उठून पाणी शेंदायची, चूल पेटवायची, भाकरी थापायची. दादांना शिळी भाकरी चालत नव्हती. रिकामा माणूस घरी बसला की चार माणसं गप्पा मारायला येणारच, त्यांचा चहा वेगळा. माझं लग्न झालं आणि एकीच्या जागी दोघी राबू लागल्या.

एका शनिवारी भाकरी थापता थापता माय मला म्हणाली, "वाच रं ते, कोणाकोणाला सुट्टी हाय." तिला वाचता येत नव्हतं. मी वाचलं. तू, तुझा लेक, लेक झाली, गडी, कामाची बाई, बैल, गाढव, वेशीतला परका माणूस.

"अन् बायको?"

मी पुन्हा पाहिलं. बायको नव्हती.

"गाढवाचं नाव हाय, माझं न्हाई," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दादा दारातच होते. बोलले काहीच नाहीत. पुढच्या शुक्रवारी दिवस बुडायच्या आत त्यांनी स्वतः पाणी शेंदून रांजण भरला. मायनं दुपारीच दशम्या केल्या. ज्वारीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशीही दशमी मऊ राहते. सोबत लसणाची चटणी आणि दही. शनिवारी सकाळी दादांनी दशमी चावत हळूच विचारलं, "चहा?" माय म्हणाली, "दिवस बुडल्यावर." म्हशीची धार आणि वैरण तेवढी चालू राहिली. जनावराला वार कळत नाही, आणि विहिरीत पडलेला बैल त्या दिवशीही बाहेर काढावा, हे येशूनंच सांगितलेलं.

पुढं १९९६ च्या सुमारास मेहुण्याकडं ठाण्याला गेलो होतो. तिथं बेने इस्रायल यहूदी लोकांचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे. मेहुण्याच्या शेजारची म्हातारी त्यांच्यातली, बोलणं अस्सल मराठी. तिनं सांगितलं की अलिबागकडं त्यांचे पूर्वज तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घरची बाई दिवा लावते. मग मनुकांच्या रसाचा पेला हातात घेऊन घरधनी प्रार्थना म्हणतो. स्वयंपाक त्याआधीच उरकलेला असतो.

मी घरी येऊन हे मायला सांगितलं. "म्हंजे जगात आपुनच येडे न्हाई," ती म्हणाली. त्या शुक्रवारपासून तिनं ओसरीवर पणती लावायला सुरुवात केली. ख्रिस्ती घरात पणती कशाला, असं मंडळीत काहीजण बोलले. मायनं मनावर घेतलं नाही. ती पणती लावायची तेव्हा दादा टोपी काढून शेजारी उभे राहायचे. माझा राग कधी उतरला ते मला सांगता येणार नाही, पण त्यांना तसं उभं पाहून तो थोडा उतरला असावा.

आता दोघंही नाहीत. मुलगा जालन्याला स्टीलच्या कारखान्यात आहे. भट्टी शनिवार ओळखत नाही, त्याची सुट्टी फिरती. बैल केव्हाच विकले.

गेल्या जूनमध्ये वापसा पुन्हा शनिवारी आला. ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला, "काका, आज न्हाई तर डायरेक्ट बुधवारी." मी हो म्हणालो. रान पेरलं जात होतं आणि मी ओसरीवर बसलो होतो. मी विसावा पाळत होतो म्हणावं, तर यादीत गडीही आहे. आणि ते ट्रॅक्टरवरचं पोरगं त्या दिवशी माझाच गडी होतं.

दुपारी ते पाणी प्यायला आलं, चहा मागू लागलं. बायको म्हणाली, "चूल बंद हाय बाबा," आणि त्याच्या हातावर दशमी-चटणी ठेवली. त्यानं उभ्यानंच खाल्ली, हात धोतराला पुसायची माझी खोड पाहून हसलं आणि विचारलं, "काकू, आज काय हाय तुमच्यात?"

"शनवार," ती म्हणाली.