हाताखालचं दुखणं

थळच्या किनाऱ्यावर कुणाला कुठे दुखत असेल, हे त्याचा धंदा पाहून सांगता येतं. ओहोटीला होड्या लांब पाण्यात थांबतात आणि म्हावऱ्याच्या पाट्या गुडघाभर पाण्याचिखलातून बायकांच्या डोक्यावर येतात. त्या बायकांची मान दुखते. डोलीची जाळी ओढणाऱ्यांचे खांदे जातात. मासळी निवडायला तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांचे गुडघे कुरकुरतात. भाताची लावणी उरकली की अख्ख्या गावाची कंबर एकदम बोलायला लागते. इथला खत कारखाना आल्यापासून गावाच्या दुखण्यांत भर पडली ती पोत्यांची. युरियाचं पोतं पूर्वी ५० किलोंचं असे, २०१८ पासून ते ४५ किलोंचं झालं. कागदावर पाच किलो उतरले. हमालाच्या पाठीवरून किती उतरले, ते त्या पाठीलाच ठाऊक. आणि आम्ही टेबलाशी बसून वह्या तपासणारी माणसं! आमचे खांदे काहीही न उचलता धरतात, त्यामुळे गावात दुखणं सांगायचीही चोरी होते.

समोर समुद्रात खांदेरी दिसते. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडाऱ्याने तिथे तटाचं काम सुरू केलं आणि इंग्रजांची गलबतं अडवायला उभी असताना किनाऱ्यावरून लहान होड्यांनी माणसं नि सामान बेटावर जात राहिलं. त्या लढाईबद्दल मी जे वाचलं त्यात तोफा आहेत, वारा आहे, पाठलाग आहेत. दिवसभर धोंडे वाहून रात्री अंग टेकणाऱ्यांच्या पाठी कुणी रगडल्या, ते मात्र कुठे सापडलं नाही. कुणीतरी रगडल्या असणारच. इतक्या माणसांचं काम हाताला हात लावल्याशिवाय निभत नाही.

आमच्याकडे उसण भरली की पहिला शोध पायाळू माणसाचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीवरून पाय फिरवायचा, किंवा हलकीशी लाथ मारायची, की उसण उतरते असा समज. मी लहानपणी याला हसायचे. आता हसू येत नाही, कारण पुढे वाचलं ते असं: वाकताना, शिंकताना अचानक धरलेली कंबर बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप सुटू लागते. म्हणजे लाथेला मिळणारं बरंचसं श्रेय काळाचं. पण बरंचसंच, सगळं नव्हे. उसण भरलेला माणूस श्वाससुद्धा जपून घेतो, सगळे स्नायू आवळून धरतो आणि त्या आवळण्यानेच आणखी दुखतं. अंगणात पालथं पडून, चार माणसांच्या हसण्यात पाठीवर पाय पडला आणि काही मोडलं नाही, हे कळलं की तो उठताना जरा मोकळा उठतो. आजच्या भौतिकोपचार तज्ज्ञांनाही पहिल्या दिवशी हेच साधायचं असतं. लाथेशिवाय.

माझा उजवा खांदा धरला तेव्हा मी गावातल्या एका मावशीकडे गेले. तिचा धंदा मासळीचा, चोळणं हा तिचा गुण. बाळंतिणी, बाळं, जाळं ओढून आखडलेले पुरुष, सगळे तिच्या हाताखालून गेलेले. मला वाटलं होतं, ती तेल घेऊन सरळ रगडायला लागेल. तिने आधी विचारलं, "रातचा जास्त दुखतो का दिवसाचा?" मग केस विंचरून दाखव म्हणाली, मागे हात नेऊन पदर खोचून दाखव म्हणाली. मला ते जमेना. मग तिने कोपर माझ्या कुशीशी धरून ठेवलं आणि माझा पंजा बाहेर फिरवून पाहिला. मी फिरवायला गेले तेव्हा जिथे अडला होता, तिने फिरवला तरी तिथेच अडला. "हा रगडून सुटायचा नाय गो," ती म्हणाली. "ह्याला वरीस लागेल. आधी साखर बघून घे."

अलिबागच्या डॉक्टरांनीही नेमकं तसंच कोपर धरलं, तसाच हात फिरवला. स्नायू नुसता दुखत असेल तर दुसऱ्याने हात उचलला की तो बहुधा जातो. खांद्याभोवतीचं वेष्टणच आटलं असेल, धुतल्यावर आटलेल्या बाहीसारखं, तर कुणीही उचला, अडतोच. चाळिशी ते साठीत हे दुखणं जास्त, मधुमेह्यांत त्याहून जास्त, आणि सुटायला एक ते तीन वर्षं. सगळं छापील आहे. मावशीने ते कुठे वाचलं नव्हतं. धरलेले खांदे तिने इतके पाहिलेत की त्यातले कुठले गोडखाऊ घरातले, तेही तिच्या ध्यानात राहिलं असावं.

तरी तिने चोळलंच. खोबरेल गरम केलं, त्यात निर्गुंडीचा पाला टाकला. इथल्या तेलाला फार जुना इतिहास आहे. जवळच्या नवगावला बेने इस्रायलींचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते शनिवार तेली म्हणवले गेले. गावोगावच्या किती गुडघ्यांना त्या घाण्यांचं तेल लागलं असेल! आयुर्वेदाने तर अभ्यंग रोजच्या दिनचर्येतच घातला, आणि त्यातही डोकं, कान, तळपाय विसरू नका म्हणून बजावलं. तरी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे महागड्या बाटल्यांवरचा खर्च वाचेल. चोळलेलं तेल कातडीतून उतरून सांध्याच्या आत वंगण घालत नाही. ते हाताला सरकू देतं, ऊब धरून ठेवतं आणि चोळणाऱ्याला घाई करू देत नाही. एवढं काम पुष्कळ झालं.

मग चोळल्याने बरं का वाटतं? मूल पडलं की गुडघा आधी चोळतं, रडतं मागाहून. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी त्यावर एक उपपत्ती मांडली: दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं, आणि स्पर्शाचे, दाबाचे निरोप मोठ्या संख्येने आले की ते फाटक काही प्रमाणात लोटलं जातं. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली. हात काढला की फाटक हळूहळू पुन्हा उघडतं. म्हणून मालिशचा आराम तासांचा, फार तर दिवसांचा.

गाठींचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. खांद्याच्या कण्याकडच्या बाजूला बोट दाबलं की कळ थेट कानामागे जाते, हा अनुभव कुणाला नाही? अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वैद्य असलेल्या डॉ. जेनेट ट्रॅव्हेल यांनी अशा बिंदूंचे नकाशे काढले आणि डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर १९८३ साली त्यावरचा मोठा ग्रंथ काढला. तो आजही जगभर उघडला जातो. पण एकाच पाठीवर दोन तज्ज्ञांना बोटांनी गाठ शोधायला सांगितली तर दोघांची जागा बऱ्याचदा जुळत नाही. दुखरी जागा खरी, कळ खरी. आत काय आहे यावर भांडण चालू आहे. मणका 'कट्' करून बसवतात त्यातही मणका बसत-बिसत नाही, कारण तो मुळात सरकलेला नसतो. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोट ओढून मोडताना त्याचं एमआरआयने चित्रण केलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्याच्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना दिसली. आवाज पोकळीचा. सुटल्यासारखं वाटणं मात्र खरं असतं.

मला खरा राग येतो तो दुखणाऱ्याला घाबरवणाऱ्या भाषेचा. 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप', 'गुडघ्याची वाटी झिजली'. हे ऐकून माणूस वाकायचं सोडतो, मग चालायचं सोडतो. २०१५ सालीच एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्यांचे स्कॅन पाहिले गेले. विशीतल्यांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजल्यासारख्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. म्हणजे केस पिकतात तशाच त्याही पिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्यायाम आहे, दुखणं समजावून सांगणं आहे, मालिश आणि हाताने सांधे हलवणंही आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणं यांना मात्र सरसकट वापरासाठी नकार आहे. आमच्या आळीत निदान तीन पट्टे खुंटीला आहेत.

मावशी चोळून झाल्यावर मला घरी जाऊ द्यायची नाही. गरम आहे तोवर भिंतीशी उभी राहा, बोटांनी भिंत चढ, म्हणायची. तेव्हा मला ते बक्षिसानंतरची शिक्षा वाटायचं. चोळून मिळालेला तासभराचा आराम तिला त्या भिंतीसाठीच हवा होता, हे खांदा दोन बोटं वर जायला लागल्यावर कळलं.

आणि तिचा नकार मी पाहिला आहे. रात्रभर गाडीत बसून आलेला एक पाहुणा पोटरी धरून आला, वांब आलाय म्हणाला. तिने दोन्ही पोटऱ्यांना हाताची पाठ लावली. एक सुजलेली, गरम. तेलाची वाटी तिने बाजूला सारली. "ह्याला कोन हात लावनार नाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात." शिरेत रक्ताची गाठ असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे तिला कुणी सांगितलं असेल कोण जाणे. पायांत बधिरपणा येऊन लघवीवर ताबा राहिला नाही, तापाबरोबर पाठ दुखते, किंवा डावा हात आणि छाती एकदम भरून येते, अशांनाही ती शिवत नाही. पडून हात वाकडा झालेल्याला तर नाहीच. हाड बसवणाऱ्यांवर तिचा विश्वास नाही आणि ते ती मोठ्याने सांगते.

यंदा पावसाळ्यात तिचाच अंगठा धरला. बुडातल्या सांध्यात. आयुष्यभर दाबून दाबून हेच होतं. पदवी घेतलेल्या भौतिकोपचार तज्ज्ञांचेही अंगठे असेच जातात. मी तिला अलिबागला घेऊन गेले. तिथल्या तरुण मुलीने तिचा अंगठा दाबला नाही, आधी विचारलं, "आजी, चोळता कसं ते दाखवा." मावशीने तिच्याच पाठीवर दाखवलं. मुलगी म्हणाली, अंगठा सोडा, कोपर आणि मनगटापासूनचा हात वापरा, वजन कमरेतून येऊ द्या. मग रबराचा पट्टा दिला, रोज ताणायला.

एसटीत बसल्यावर मावशीने तो पट्टा ताणून पाहिला. "एवढ्याचे पैसे घेतले," ती म्हणाली. "आणि चोळलं काय? नायच." गावचा फाटा येईपर्यंत तिचं ताणणं चालूच होतं, आणि पुढच्या सीटवरची बाई मान चोळत वळली तेव्हा मावशीने पट्टा मांडीवर ठेवून तिला विचारलं, "रातचा दुखतो का दिवसाचा?"